हिंदुरावांचा गिलावा

"तात्या, तुमची टोपी येतीय फोटोत."

तात्या दोन पावलं डावीकडे सरकले. टोपी गेली आणि आता अख्खे तात्याच आले. मी कॅमेऱ्यावरून डोकं वर काढून हाताने बाजूला व्हायची खूण केली, तर मला काही हवंय असं समजून ते आणखी पुढे आले. सकाळचं तिरपं ऊन विटांवर जेमतेम अर्धा तास टिकायचं. त्यातला निम्मा वेळ मी या माणसाला फोटोबाहेर काढण्यात घालवला.

याला आता बरीच वर्षं झाली. तात्या म्हणजे हिंदुराव पोवार, माझ्या मित्राचे, सुजयचे वडील. सुजय आणि मी आर्किटेक्चरला एका वर्गात होतो. तो पास होत गेला, मी तिसऱ्या वर्षाला गटांगळी खाल्ली आणि कॅमेरा उचलला. दुसऱ्यांनी बांधलेल्या इमारतींचे फोटो काढून पोट भरायला लागले. सुजयने कोल्हापूरबाहेर, पन्हाळ्याच्या रस्त्याला, तात्यांच्याच प्लॉटवर दोन इमारती रेखल्या. चार-चार मजल्यांच्या, समोरासमोर, मधे चौक. दोन्ही विटेच्या, आणि बाहेरून विटा उघड्याच ठेवलेल्या. काम संपत आलं असताना त्याला कावीळ झाली. ती त्याने साइटवरच अंगावर काढली आणि पंधरा दिवसांत गेला. लग्नही व्हायचं होतं त्याचं.

उरलेलं काम तात्यांनी पुरं केलं. तर फ्लॅट घेतलेली मंडळी अडून बसली की बाहेरून गिलावा केल्याशिवाय आम्ही किल्ल्या घेणार नाही. रविवारी त्यांची बैठक होती. तिथे पडद्यावर मोठे करून दाखवायला फोटो हवेत म्हणून तात्यांनी मला पुण्याहून बोलावून घेतलं होतं. विटा होत्या तशा राहाव्यात, एवढं एकच त्यांना हवं होतं.

यातली गंमत अख्ख्या कोल्हापूरला कळत होती. कारण तात्या स्वतः गिलाव्याचे कंत्राटदार. थापी हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली होती आणि नाव कमावलं होतं ते त्याच थापीवर. एक वेळ भिंत पडेल पण हिंदुरावाचा गिलावा पडायचा नाही, असं गवंडी लोक म्हणायचे. ज्याने जन्मभर लोकांच्या विटा झाकल्या तो माणूस आता विटा झाकू नका म्हणून भांडत होता.

ऊन वर आलं तसा मी ट्रायपॉड मिटवला. तात्या जवळ आले आणि हात मागे बांधून उभे राहिले.

"आता सांग."

"काय सांगू?"

"त्येनं ह्ये असं का केलं त्ये. एकेक करून सांग. रविवारी मला बोलायचं हाय."

मी हसले. म्हटलं, तात्या, तुम्ही बांधलंय, मी नापास झालेली मुलगी, मी काय सांगू? ते हसले नाहीत. बांधलंय त्याने सांगितलं तसं, म्हणाले, का ते कधी विचारलंच नाही. मग मी त्यांना घेऊन इमारतीभोवती निघाले.

पश्चिमेची भिंत दाखवली. सुजयने तिथे विटा आडव्या न टाकता उभ्या लावून भिंतीच्या आत पोकळी ठेवली होती. त्या पोकळीत हवा कोंडून राहते, म्हटलं, दुपारचं ऊन खोलीपर्यंत पोचत नाही. तात्यांनी भिंतीवर तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. मग मी खिडक्या दाखवल्या. भिंतीत खोल बसवलेल्या, म्हणजे पाऊस आत येत नाही आणि आतल्या बाजूला विटेचाच कट्टा होतो. तात्या त्या कट्ट्यावर बसून बघून आले. जिन्याला त्याने विटांची जाळी केली होती. दिवसा दिवा लागत नाही, वारा खेळतो, आणि आतून बाहेरचं दिसलं तरी बाहेरून आतलं दिसत नाही. शेजारणी जिन्यात दोन घटका बोलत उभ्या राहिल्या तरी कुणाच्या नजरेत येत नाहीत, असं तो मला एकदा फोनवर म्हणाला होता.

"आसं म्हनला?"

"हो."

"बायकांचा इचार केला त्येनं," तात्या म्हणाले. 

मग त्यांनी परीक्षेला बसल्यासारखं सगळं माझ्यापुढे म्हणून दाखवलं. जाळीचं कारण खिडकीला लावलं, खिडकीचं भिंतीला. मी चुका काढल्या, त्यांनी पुन्हा म्हटलं. सत्तरीला आलेला माणूस वाळूच्या ढिगाऱ्याशेजारी उभा राहून मुलाचा धडा पाठ करतोय, आणि मी शिकवतेय, हे मला सोसेना. मी लेन्स पुसायच्या निमित्ताने खाली बघत राहिले.

"नकाशा दाखवला तवा म्या पैलं काय इचारलं म्हाईत हाय?" ते अचानक म्हणाले. "गिलावा कुठं हाय म्हनलं. तर म्हनतोय, तात्या, ह्येला गिलावा न्हाई. मला वाटलं, बापाच्या धंद्याची लाज वाटती पोराला."

त्या दिवशी घरात मोठं भांडण झालं होतं. उघड्या विटा गरिबाच्या घराला असतात, सिमेंट आणायची ऐपत नसली की माणूस विटा उघड्या टाकतो, हे सगळं तात्या त्याला बोलले होते. आज फ्लॅटवाले जे म्हणत होते ते सगळ्यात आधी त्यांनीच म्हटलं होतं. पण प्लॉट दिला, माणसं दिली, आणि दोन वर्षं स्वतः उभं राहून बांधलं.

"रोज सांजचं म्हनायचा, तात्या, बगा की, कसं झालंय. मी बगायचो आन गप बसायचो."

"आवडलं नव्हतं?"

"आवडलं हुतं की."

"मग बोलला का नाहीत?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हनलं, पुरं झाल्याव सांगू."

रविवारी दुपारी बैठक भरली ती मगदूम मॅडमच्या शाळेत. त्या तिथून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि फ्लॅटवाल्यांच्या वतीने बोलायचं ते त्याच बोलायच्या. बाई वाईट नव्हत्या. तात्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. मी पडदे ओढून फोटो दाखवले. खरं सांगायचं तर ते माझे तोवरचे सगळ्यात चांगले फोटो होते. तात्या उभे राहून बोलले. भिंत, खिडकी, जाळी. एकही चूक केली नाही.

पालथ्या घड्यावर पाणी. एक गृहस्थ म्हणाले, फोटोत छानच दिसतंय, पण आम्हाला फोटोत राहायचं नाही. सगळे हसले, मीही हसल्यासारखं केलं. दुसऱ्या एकांनी विचारलं की मुलीला बघायला पाहुणे येतील, ते विचारतील घर अर्धवट का सोडलं, त्यांना काय भिंतीतली हवा दाखवायची? कुणी तात्यांच्याच जुन्या कामांची नावं घेतली. अमक्याचा बंगला तुम्ही केलात, तमक्याचं मंगल कार्यालय केलंत, तिथे आरशासारखा गिलावा, आणि आम्हीच काय घोडं मारलंय तुमचं?

शेवटी मगदूम मॅडम उठल्या. त्यांचा आवाज अगदी मऊ होता.

"तात्या, तुमचं दुःख आम्हाला कळत नाही असं नाही. आमच्यापण घरात मुलं आहेत. असं करूया, पुढची एक भिंत आपण आहे तशी ठेवू. तिथे सुजयच्या नावाची पाटी लावू. त्याची आठवण म्हणून राहील. बाकी सगळीकडे गिलावा करू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक-दोघींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, एक भिंत तर वाचली. तात्यांनी ती घ्यावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

तात्या उठले.

"आठवन नगं," ते म्हणाले. "आठवन माझ्याजवळ हाय. त्येच्यासाटनं भित्ताड कशाला पायजे? तुमच्यातल्या एकानं म्हना की भिंत चांगली हाय, म्हनून ठेवू या. एकानं म्हना. मग एक भिंत ठेवा न्हाईतर एक ईट ठेवा."

कुणी बोललं नाही. ती साधी, सरळ माणसं होती. खरोखर तसं वाटत नव्हतं, आणि मेलेल्या मुलाच्या बापापुढे खोटं बोलणं त्यांना जमलं नाही. मीच म्हणाले, तात्या, चांगली आहे. माझा आवाज त्या हॉलमध्ये उगाचच मोठा वाटला. ते माझ्याकडे बघून किंचित हसले. मी घरातली, माझं मत धरायचं नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "गिलावा करतो. भायरनं सगळा मी सोता करनार."

मगदूम मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी टाळी वाजवली. तुमच्या हातचा गिलावा म्हटल्यावर प्रश्नच मिटला, म्हणाल्या.

मी पुण्याला परतले. महिन्याभराने काकींनी, म्हणजे सुजयच्या आईने, त्याचा एक फोटो मोठा करून मागितला होता, तो द्यायला आले आणि तशीच साइटवर गेले. तात्या वर परांचीवर होते. कित्येक वर्षांत त्यांनी हातात थापी धरली नव्हती, नुसती माणसं उभी करून कामं घेतली होती. आता खाली माल कालवायला एक गडी आणि वर हे एकटे. मी बांबूला धरधरून त्यांच्यापर्यंत चढले. अर्धी भिंत झाली होती. इतका सफाईदार गिलावा मी आजवर पाहिलेला नव्हता. उरलेल्या अर्ध्या भागात सुजयच्या विटा होत्या, तशाच, स्वच्छ.

त्या स्वच्छ विटा बघून मी थबकले. गिलाव्याचं एक साधं शास्त्र असतं. विटेचं तोंड गुळगुळीत असेल तर त्यावर माल धरत नाही. आधी छिन्नीने टाचे मारून भिंत सगळी ओबडधोबड करून घ्यायची, तिला पाणी पाजायचं, मग थापी लावायची. ह्या विटा मुळातच घोटीव, त्यात सुजयने पाणी शिरू नये म्हणून त्यांना वरून लेप दिलेला. तात्या पाणी मारत होते आणि ते अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळत होतं. आणि भिंतीवर एकही टाचा नव्हता. एवढं तर तिसऱ्या वर्षाला नापास झालेल्या मुलीलाही कळतं.

"तात्या, टाचे?"

त्यांनी खाली गड्याकडे बघितलं. "हळू बोल."

"विसरलात?"

त्यांनी हातातला माल भिंतीवर मारला आणि लाकडी रंधा फिरवून तो सपाट केला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "टाचा मारला की ईट फुटती. तोंड जातं तिचं. परत न्हाई मिळत."

"पण मग हे पडेल."

"पडंल की. दोन-तीन पावसाळं धरंल, मग पडंल."

मी म्हटलं, खालून कुणी जात असलं तर? त्याचाही विचार त्यांनी केला होता. गिलाव्याचा हात पातळ ठेवला होता, म्हणजे पडला तर पापुद्रा पडेल, ढेकूळ नाही. शिवाय भिंतीला लागून सगळीकडे वाफे करून झाडं लावणार होते, माणूस भिंतीजवळ जायलाच नको.

"आणि तुमचं नाव?"

रंधा थांबला. त्यांनी तो माझ्या हातात दिला आणि कपाळावरचा घाम पुसला.

"ठेवून कुनाला देऊ आता?"

मी रंधा त्यांना परत दिला आणि खाली उतरले. 

किल्ल्या दिल्या त्या दिवशी लोक भिंतीवरून हात फिरवत होते. मगदूम मॅडमनी पेढे वाटले. बागेसाठी केलेले वाफे बघून तर त्या भारावूनच गेल्या. हे तुम्ही कबूलही केलं नव्हतं, म्हणाल्या. तात्यांनी हात जोडले.

तीन पावसाळे गेले. चौथ्याच्या आधीच भिंत हाताने ठोकली की बद्द वाजायला लागली, आणि गणपतीच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवरचा गिलावा सुटायला लागला. कुणाला लागलं नाही. पण हिंदुरावाचा गिलावा पडला ही बातमी कोल्हापुरात पसरायला वेळ लागला नाही. पोरगं गेलं आणि म्हाताऱ्याचा हात गेला, असं म्हणणारे भले लोक. बाकीचे म्हणत होते की सिमेंट खाल्लं. ज्या ठेकेदारांनी वीस-वीस वर्षं तात्यांशिवाय कुणाला भिंतीला हात लावू दिला नव्हता, त्यांचे फोन यायचे थांबले. बाजारात कुणीतरी काकींच्या तोंडावर बोललं, तेव्हापासून त्या बाजारात जाईनाशा झाल्या. तात्यांनी कुणाला एका शब्दाने उत्तर दिलं नाही. सोसायटीने दुसरा कंत्राटदार बघितला. त्याने आधीचा गिलावा सगळा उतरवला, आता टाचे मारून पक्का करून देतो म्हणाला, आणि घरातल्या लग्नासाठी महिनाभर गावी निघून गेला.

तो परत यायच्या आधी मला मगदूम मॅडमचा फोन आला. गिलाव्याआधीचे, बैठकीत दाखवलेले फोटो अजून आहेत का, असं विचारत होत्या.

"त्या कंत्राटदाराला नको म्हणून सांगितलं आम्ही. काय झालं, परवा संध्याकाळी चौकात बसलो होतो सगळ्या. भिंतीवर ऊन आलं होतं. मीच म्हणाले, अगं, हे चांगलं दिसतंय की, कशाला झाकायचं? तर सगळ्यांच्या मनात तेच. घरंही इतकी गार आहेत हो. विटा तर नव्यासारख्या, एकीचा टवका उडालेला नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तात्यांजवळ गिलाव्याचं काही काढू नका हं. हात गेला बिचाऱ्यांचा. आमचा राग नाही."

माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते सांगायचं की नाही हे ठरवणारी मी कोण? मी फोटो पाठवते म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला गेले.

तात्या दारातल्या कट्ट्यावर बसले होते. फार वाळले होते. काकी आत मेथी निवडत होत्या. मी शेजारी बसले आणि सांगितलं की विटा तशाच ठेवणार आहेत.

"आठवन म्हनून?" त्यांनी लगेच विचारलं.

"नाही तात्या. चांगलं दिसतंय म्हणून."

"कोन म्हनलं?"

"मगदूम मॅडम."

"शब्द काय हुता त्येंचा?"

"अगं, हे चांगलं दिसतंय की, कशाला झाकायचं, असं म्हणाल्या."

त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. आणखी एकदा सांगायला लावलं. मग दोन्ही हातांत तोंड धरून तो माणूस रडायला लागला. सुजय गेला तेव्हा मी तिथे होते, तेव्हासुद्धा ते असे रडले नव्हते.

काकी मेथी टाकून धावत बाहेर आल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, आजवर तात्यांनी सांगितलंच नव्हतं. गिलाव्यावरून पुन्हा कुणी काही बोललं, असंच त्यांना वाटलं. त्या खाली बसल्या आणि नवऱ्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या.

"जाऊ द्या ओ," त्या म्हणाल्या. "वय झालं. हात किती दिस साथ देनार? इतकी वर्सं केलंसा त्ये कुनी बगत न्हाई."

मी तात्यांकडे बघितलं. त्यांनी तोंड पुसलं आणि मान हलवली.

"व्हय," ते म्हणाले. "हात गेला माझा."